आमचं परगावी कोणी नाही

ब्रेकस्टाड, नॉर्थ डकोटा
गुरुवार, १९ ऑक्टोबर १९९५

प्रिय मार्लिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, मी कुठे पडलो-झडलो नाही, घरही जागेवर आहे. माझ्याकडून तुला पत्र येण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. आजवर तुझ्या आईच्या पत्राखाली "तब्येतीला जप, डॅड" एवढंच काय ते मी लिहीत आलो, आणि तेही तिनं पेन हातात कोंबलं म्हणून. तेव्हा हे वाकडंतिकडं अक्षर चालवून घे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. सकाळचे दहा वाजलेत. बाहेर बीटांचे ट्रक रस्त्यावर चिखल सांडत साखर कारखान्याकडे चाललेत, कॉफीचा दुसरा कप गार झालाय, आणि हे आजच्या आज लिहून पोस्टात टाकायचं असं मी ठरवलं आहे.

तू मला एक प्रश्न विचारला होतास. फेब्रुवारीत, आईला दफनभूमीत पोहोचवून आल्यावर, चर्चच्या तळघरात. बायका हॅमची सँडविचेस मांडत होत्या, तू कागदी कप हातात धरून माझ्याजवळ आलीस आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालीस, "डॅड, खरं सांग, आईनं शेवटी माझं नाव काढलं होतं?" मी म्हणालो, "शेवटी आमचं बोलणं झालंच नाही गं." तू मान हलवलीस, कप खिडकीत ठेवलास आणि कोट शोधायला गेलीस. मी खोटं बोललो नव्हतो. आपल्या घराण्यात खोटं बोलायची पद्धत नाही, अर्धं बोलायची आहे, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही. तर ते उरलेलं अर्धं आज लिहितोय. ते सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल. माझं बोलणं मुळातच खांबाखांबानं पुढे सरकणारं, ते तुला माहीत आहे.

गावात सध्या माझी यथेच्छ चेष्टा चालली आहे. मार्चपासून मी परगावच्या फोनची कंपनी पाच वेळा बदलली. सकाळी कॉफीला गेलो की क्लॅरेन्स सगळ्यांसमोर विचारतो, "काय ऑर्विल, या आठवड्यात कोणाकडे नांदतोयस?" बाकीचे खिदळतात. त्यांना हसू येणारच. देशात टेलिफोनची एकच कंपनी होती तेव्हा मी तिच्या खांबांवर छत्तीस वर्षं चढलो. कोर्टानं तिचे तुकडे केले त्या वर्षी निवृत्त झालो. आणि त्यानंतर जो उठला तो परगावी फोन लावून द्यायची सेवा विकायला लागला. त्यांना मी किती शिव्या घातल्या आहेत हे सगळ्या गावानं ऐकलंय. असा माणूस आता जो फोन करील त्याला "बरं, घ्या मला" म्हणतो, तेव्हा म्हातारा चळला असं त्यांना वाटतं. का, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

ते फोन तुला नवे नाहीत. बरोबर साडेपाचला, घास तोंडाशी नेला की घंटी. एक म्हणणार, आमच्याकडे मिनिटाला इतके सेंट कमी. दुसरी कंपनी पन्नास डॉलरचा चेक पाठवणार आणि त्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिणार की हा वटवलात तर तुम्ही आमचे झालात. आता तिला होकार दिला की दुसऱ्या दिवशी जुनीचा फोन, आवाजात असा गहिवर की जणू मी बायको टाकून पळालोय: "मिस्टर टांगेन, आमचं काय चुकलं?" तुझी आई असताना ती रिसीव्हरवर हात ठेवून मला त्यांची बोलणी ऐकवायची आणि हसायची. मी मात्र भडकायचो. माझ्याच हातानं बर्फात ओढलेल्या तारेतून ही मंडळी माझ्याच घरात येऊन माझं जेवण नासवतात, याचा मला संताप यायचा.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेव. हे नंबर माणूस फिरवत नाही, यंत्र फिरवतं, डिरेक्टरीत नसलेलेही. एका वेळी पंधरा-वीस घरी. जो आधी उचलतो त्याला मग मोकळी असलेली मुलगी जोडून देतात. त्यामुळे आपण "हॅलो" म्हटलं की सेकंद-दोन सेकंद पलीकडे काहीच नसतं. मी लाइनमन, माझा कान तयार. ती शांतता आली की ओळखायचं, कंपनी. मग समोरच्याला तोंड उघडायला वेळच द्यायचा नाही. "आमचं परगावी कोणी नाही," एवढं म्हणायचं आणि खाली ठेवायचं. ज्याचं परगावी कोणी नाही त्याला परगावचे फोन काय विकणार? या वाक्याचा मला फार अभिमान होता. आईला ते बिलकूल आवडायचं नाही. "असं अभद्र बोलू नये, ऑर्विल," ती दर वेळी म्हणायची, "मग मार्लिस कोण, शेजारीण?" एका उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा पहिल्यांदा ते ऐकलंस आणि इतकी हसलीस की कॉफी नाकातून आली. "डॅड, हे मी पोर्टलंडला नेणार, चालेल ना?" म्हणालीस. मी म्हटलं, ने, खुशाल ने. घरातली एक वस्तू लेकीनं हौसेनं मागून घ्यावी तसं मला वाटलं होतं.

तुझं आणि माझं फोनवर बोलणं असं कधी झालंच नाही. रविवारी पाचला दर चढायच्या आत तुझा फोन यायचा, मीच उचलायचो, पाऊसपाणी विचारायचो आणि "थांब हं, आईला देतो" म्हणून मोकळा व्हायचो. वादळात तारा तुटल्या की रात्रंदिवस बाहेर राहून मी सगळ्या तालुक्याला बोलतं करायचो. स्वतः बोलायची वेळ आली की मला शब्द सुचत नाहीत. मी आपणहून घरी फोन केले ते फक्त खांबावरून. जोडणी झाली की तपासायला तारेला चाचणीच्या फोनचे चिमटे लावून घरचा नंबर फिरवायचो. सात वर्षांची असशील, स्टुलावर चढून तूच उचलायचीस. मी विचारायचो, "काय गं, लाइन चालू आहे का?" आणि तू ऑफिसातल्या बाईसारखा आवाज काढून सांगायचीस, "लाइन चालू आहे, डॅड." एखाद्या दिवशी गरज नसतानाही मी दोनदा तपासायचो. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात तुझं आणि आईचं बिनसलं, त्याबद्दल मी तेव्हाही काही बोललो नाही. तू डेलचा संसार सोडलास, आणि आई तुला म्हणाली की आणखी थोडं सोसलं असतंस तर बरं झालं असतं. तू फोन आपटलास. मग तुझे रविवारचे फोन बंद झाले आणि तिनंही केले नाहीत. दोघी एकीपेक्षा एक. नव्या वर्षाला तुझं कार्ड आलं, त्यात नवा पत्ता, नवा नंबर, आणि हा नंबर डिरेक्टरीत नाही एवढीच ओळ. कंपन्यांच्या फोनला कंटाळून तू तो छापू दिला नव्हतास. आईनं कार्ड दोनदा वाचलं आणि पेन्सिलीनं तो नंबर फोनशेजारच्या भिंतीवर लिहिला. तिनं! आपल्या भिंतीला बोट लावू न देणाऱ्या बाईनं! मग महिनाभर रोज ती त्याच्यासमोर उभी राहून बटाटे सोलायची, पण फिरवला नाही. मी एकदा म्हटलं, कर की. तर म्हणाली, "तुलाही हात आहेत." त्यावर मी पेपर उघडला.

फेब्रुवारीत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनं मला बजावलं, मार्लिसला कळवायचं नाही, बरी होऊन आले की मीच सांगेन. ऑपरेशन नीट झालं. घशात नळी घातल्यामुळे आवाज बसला होता, एक शब्द बोलायचा तर आधी श्वास गोळा करावा लागायचा, पण डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी न्या. मी रोज फार्गोच्या हॉस्पिटलात जाऊन येत होतो. गुरुवारी वादळ आलं आणि दुपारी हायवे बंद केला. सकाळीच आमचं ठरलं होतं की मी येऊ शकलो नाही तर तिनं सातला, डॉक्टर येऊन गेल्यावर, फोन करायचा. म्हणजे सातला आई, आणि साडेपाचला कंपन्या. माझ्या डोक्यात हा हिशेब पक्का बसला होता.

साडेपाचला शेजारच्या व्हर्नानं पाठवलेला बटाट्या-मटणाचा हॉटडिश ओव्हनमध्ये गरम करून जेवायला बसलो. फोन वाजला. चेकवाली कंपनी. माझं वाक्य म्हटलं, ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. उचलला, "हॅलो" म्हटलं, पलीकडे काही नाही. मी थांबलो नाही, मार्लिस. "आमचं परगावी कोणी नाही," म्हणालो आणि ठेवून दिला. मग वैतागून रिसीव्हर काढला आणि त्याची बोंब ऐकू येऊ नये म्हणून पुसायच्या फडक्यांच्या ड्रॉवरमध्ये कोंबला. रिसीव्हर काढून ठेवू नका, कोणाला तातडीनं लागेल, असं छत्तीस वर्षं लोकांना दारोदार सांगत फिरलेला माणूस मी. त्यानंतर शांतपणे जेवलो. दोनदा वाढून घेतलं. पावणेसातला आठवणीनं रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि पाचच मिनिटांत तो वाजला. या वेळी शांतता नव्हती. डॉक्टर लगेच बोलले. रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. सात वाजायला वीस मिनिटं असताना ती गेली.

तुला ती बातमी कळवली तीही मी नाही. शेजारची व्हर्ना बर्फ तुडवत आली, भिंतीवरचा नंबर तिनंच फिरवला आणि तिनंच सांगितलं. मी बाजूला उभा होतो. ती रिसीव्हर माझ्यापुढे करत होती आणि मी मान हलवत होतो. तेव्हा तुला काय वाटलं असेल याचा विचार मी आता करतो.

दुसऱ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग मी फार्गोला पोहोचलो. लव्होन नावाची नर्स, आपल्या पलीकडच्या गावातली, ड्यूटी संपूनही माझ्यासाठी थांबली होती. तिनं मला कॉफी दिली आणि सांगितलं. साडेपाचच्या सुमाराला तुझी आई म्हणाली, घरी फोन लावून दे. तिच्या हाताला सलाइन होती, म्हणून लव्होननं नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या कानाला धरला. तुझ्या आईनं बोलायला श्वास घेतला, आणि तेवढ्यात पलीकडून माझं ते वाक्य आलं. ते लव्होनलाही ऐकू गेलं. आई हसली म्हणे. "जेवायला बसलाय, त्याला मी कंपनी वाटले," असं म्हणाली. मग त्यांनी पुन्हा लावला, तर एंगेज. आणखी एकदा, तरी एंगेज. तुझा नंबर डिरेक्टरीवाल्यांकडे मागितला, तर ते म्हणाले, हा नंबर देता येत नाही. तिला तुझाच नंबर हवा होता, मार्लिस. माझ्याशी बोलायचं नव्हतं. "भिंतीवर लिहिलाय," ती लव्होनला म्हणाली, "रोज बघते, पण हट्टानं पाठ केला नाही. असू दे, सातला त्याच्याकडून घेऊ." लव्होननं सहज विचारलं, एवढं काय सांगायचंय लेकीला? तर म्हणाली, "तिनं केलं ते बरोबर केलं, एवढंच सांगायचंय. सोसायला सांगणारी मी कोण?"

हे सगळं मला शुक्रवारी कळलं होतं, आणि तू मला प्रश्न विचारलास तो सोमवारी. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पण ते द्यायचं तर आईनं तुझं नाव काढलं एवढंच सांगून भागलं नसतं, तुझ्यात आणि तिच्यात मी रिसीव्हर आपटला हेही सांगावं लागलं असतं. तिच्या कानावर माझं शेवटचं वाक्य कोणतं पडलं, तेही. मी भ्यालो. नुसता भ्यालो, दुसरं कारण नाही. बायको गेली होती, लेकही जाईल असं वाटलं. म्हणून तुझ्या वाटणीचं मी आठ महिने स्वतःजवळ दाबून ठेवलं, आणि आईला आपली आठवणही झाली नाही असं समजून तू इतके दिवस काढलेस. याची मला लाज वाटते. क्षमा मागायलाही माझी जीभ रेटत नाही, तरी मागतो.

आता तुला पाच कंपन्यांचं कोडं उलगडलं असेल. त्या दिवसापासून फोन वाजला, उचलला आणि पलीकडे शांतता असली तर माझा हात खाली जातच नाही. मी वाट बघतो. मग कोणीतरी ओमाहाहून बोलणारी कंपनीची मुलगी घाईघाईनं बोलायला लागते आणि मी तिला शेवटपर्यंत बोलू देतो. मधे एकीनं विचारलं, "मिसेस टांगेन आहेत का?" मी म्हटलं, "बाहेर गेली आहे." ती म्हणाली, "मग परगावी तुम्ही जास्त कोणाशी बोलता, सर?" मी भिंतीवरच्या नंबराकडे बघत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "सर, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हटलं, "लाव बाई तुझी कंपनी." आणि क्लॅरेन्सला आणखी एक विषय मिळाला.

परवा मंगळवारी मी हिय्या केला. तिकडची वेळ बघून, तू कामावरून येऊन टेकली असशील अशा बेतानं, भिंतीजवळ उभा राहून आईच्या अक्षरातले आकडे एकेक करून फिरवले. जन्मात पहिल्यांदा मी तुझा नंबर फिरवत होतो. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तू उचललास. "हॅलो" म्हणालीस, आणि तो आवाज इतका आईसारखा आला की पाठ केलेलं पहिलं वाक्यच विसरलो. सेकंदभर, फार तर दोन. तेवढ्यात तू म्हणालीस, "माझं परगावी कोणी नाही," आणि ठेवून दिलास. चिडून नाही, थकून म्हणालीस. माझंच वाक्य. मी रिसीव्हर तसाच कानाला धरून उभा राहिलो, आणि त्या गुरुवारी तिला काय ऐकू गेलं ते मला तेव्हा कळलं. पुन्हा फिरवायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. रविवारी तुझ्या घड्याळात पाच वाजता मी फोन करीन. उचललास आणि काही ऐकू आलं नाही, तर ठेवू नकोस, सावकाश दहापर्यंत मोज. पलीकडे कंपनी नसेल, मी असेन. तुला रागानं बोलायचं असेल तर बोल, काहीच बोलायचं नसेल तर लाइन चालू आहे एवढंच सांग, लहानपणी सांगायचीस तसं. आईनं तुझं नाव काढलं होतं, मार्लिस. आणि तुझं परगावी आहे कोणी.

तुझाच,
डॅड